भोंग्याआधीची वीस मिनिटं

परसा,

तुला जाऊन आज चोवीस दिवस झाले. तेरवी आटोपली, मंडपवाला कनाती घेऊन गेला, पाहुण्यांनी उरलेली बुंदी डब्यांत भरून नेली. तुझी चप्पल तेवढी ओसरीत राहिली आहे. तुझ्याएवढा पाय आपल्या नात्यात कोणाचा नाही, म्हणून ती कोणाला द्यावी ते सुचत नाही. बायका म्हणतात, परसरामची बहीण रडली नाही. हे मला आमच्या अंगणवाडीतल्या सुमनबाईंनी मुद्दाम येऊन सांगितलं. खरं आहे त्यांचं. रडण्याआधी मला एक काम करायचं होतं आणि त्याला नऊ वर्षं उशीर झाला होता. ते काम आज करून आले. नागपूरच्या बसमधून उतरले, हातपाय धुतले आणि लिहायला बसले.

तुझे गुण मी सांगत बसणार नाही. ज्यांना ते माहीत आहेत त्यांना सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांच्या लेखी तू शालिकचा खून करणारा माणूस आहेस. सरकारी कागदातही तेच लिहिलेलं आहे. ते तसं लिहिलं गेलं त्यात माझा हात किती, एवढंच मला सांगायचं आहे. त्यातलं अर्धं तुला माहीत होतं. अर्धं मी तुलाही कळू दिलं नाही.

तू गेल्याचं नागपूरच्या वकीलसाहेबांना मीच कळवलं होतं. दहाव्याच्या दिवशी त्यांचा फोन आला. मी मागच्या अंगणात तांदूळ धुवत होते, हात ओलाच होता.

"ताई, एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "अपील करणारा वारला की अपीलही संपतं."

"मग सुटला म्हणायचा तो?"

"नाही ना. अपील संपलं की भंडाऱ्याच्या कोर्टाचा निकाल तसाच राहतो. म्हणजे खुनाचा शिक्का कायम. पण जवळच्या नातेवाइकानं तीस दिवसांच्या आत अर्ज केला, तर कोर्ट अपील पुढे चालवू देतं. आईवडील, बायको, मुलं, भाऊ, बहीण. तुमच्याकडे कोण आहे?"

आपल्याकडे कोण आहे, परसा? बाबा लवकर गेले, माय तू तुरुंगात असताना गेली. तुझं ठरलेलं लग्न पोलीस घरी आले त्याच आठवड्यात मोडलं. मी म्हटलं, "मी आहे."

"मग विचार करा आणि सांगा," ते म्हणाले. विचार करायला काही नव्हतं. पण अर्ज करायचा म्हणजे तुझ्या बाजूनं उभं राहायचं, आणि तुझ्या बाजूनं उभं राहायचं म्हणजे त्या दुपारी मी कुठे होते ते सांगायचं. फोन ठेवला आणि तांदूळ तसेच पाण्यात राहिले. दहाव्याला आलेली मावशी ओरडली तेव्हा भान आलं.

जिल्हा फुटला तेव्हा माझं सासर गोंदियाकडे गेलं, आणि वर्षभरात मी तिथून ट्रंक घेऊन इकडे आले. तू मला बसस्टँडवरून सायकलवर आणायला आला होतास. ट्रंक कॅरिअरला बांधली, मी शेजारून चालले. साऱ्या रस्त्यानं तू एकदाही का आलीस म्हणून विचारलं नाहीस. घरी आल्यावर शेजारी जमले तेव्हा तूच त्यांना म्हणालास, "सरकारनं जिल्हा तोडला, आमच्या बाईनं घर तोडलं. आता दोन्हीचं ऑफिस इथंच राहीन." लोक हसले आणि पांगले. माझी लाज तू एका वाक्यात झाकलीस. नंतर तलावाखालची धानाची बांधी, आपल्या शेतांतली सर्वांत चांगली, तू माझ्या नावावर करून दिलीस. माय म्हणाली, "अरे, तुयं लगीन व्हायचं आहे." तू म्हणालास, "तिचं होऊन गेलं ना, म्हणूनच देऊन राहिलो."

ती बांधी माझी होती, हे वकीलसाहेबांनासुद्धा मागच्या आठवड्यातच कळलं. त्यांना वाटत होतं, तू स्वतःच्या पाण्यासाठी भांडलास.

आता ती दुपार. तू तिथे होतास, तरी सांगते, कारण तुला दिसली ती पुरती नव्हती.

रोवणीचे दिवस होते, पावसानं दडी मारली होती आणि सगळं गाव मालगुजारीच्या काळातल्या मामा तलावाच्या पाण्यावर होतं. पाळीचा नियम पोरासोरांनाही माहीत होता. ज्याची पाळी, त्यानं आपल्या नालीच्या तोंडाशी पळसाची डहाळी खोचायची. डहाळी उभी आहे तोवर त्या पाण्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. दुपारची पाळी बदलायची ती जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या भोंग्यावर. वारा आपल्याकडचा असला की भोंगा साफ ऐकू यायचा, उलटा असला की कोणी म्हणायचं झाला, कोणी म्हणायचं नाही झाला. यावरून दरवर्षी तोंडातोंडी व्हायचीच. पण डहाळी उपटण्यापर्यंत कोणी जात नसे.

त्या दिवशी भोंग्यापर्यंत पाळी वरच्या बांधीवाल्या शालिकची होती, नंतर माझी. मी अंगणवाडीत कामावर होते, सुटायला वेळ होता. आदल्या दिवशी निरोप आला होता की सुपरवायझर बाई तपासणीला येणार, वेळ सांगितली नव्हती. मी मदतनीस सुमनबाईंना म्हटलं, "दहा मिनिटांत येते, पाणी लावून." अंगणवाडीच्या मागूनच तलावाची मातीची उंच पाळ चढते, पलीकडे उतरलं की बांधी. तू आधीच तिथे सब्बल घेऊन उभा होतास, तुडुमाचा, पाणी सोडायच्या भोकाचा, दगड सरकवायला.

वारा उलटा होता. माझ्या हातात घड्याळ होतं. भोंगा व्हायला वीस मिनिटं होती, परसा.

मला परत जायचं होतं. वीस मिनिटं चिखलात उभं राहायला माझ्याकडे नव्हती. एवढंच कारण. मी माझ्या नालीशी डहाळी खोचली आणि तुला म्हटलं, "झाला भोंगा, लाव पाणी." तू म्हणालास, "मले नाई आला ऐकू." मी म्हटलं, "मले आला." तू दगड सरकवला. माझ्या शब्दावर तू नेहमीच पटकन उठायचास, याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता, हेही लिहून ठेवते.

पुढचं सगळं किती लवकर झालं. शालिकच्या बांधीत येणारं पाणी तुटलं तसा तो पावडा घेऊन वरून आला. आधी त्यानं डहाळी उपटली आणि माझ्या पायाशी फेकली.

"भोंगा कुठं झाला बे? कान फुटले का तुये?"

"झाला. बाईनं ऐकला."

"तुयी बाई खोटं बोलून राहिली."

"शालिक, तोंड सांभाळ. बहिणीले खोटी म्हणतं?"

"खोटीले खोटीच म्हणन!"

तू एक पाऊल पुढे गेलास. हात उचलला नव्हतास. सब्बल खालीच होती, टोक चिखलात. त्यानं पावडा घातला, तुझ्या डाव्या खांद्यावर. तू वाकलास. त्यानं दुसऱ्यांदा उचलला, या वेळी डोक्यावर धरून. तेव्हा तू सब्बल फिरवलीस. एकदाच. तो बसला आणि मग आडवा झाला.

हे पाहणारी मी एकटी होते. रोवणीच्या बाया दुसऱ्या बाजूला धुऱ्याच्या उंच बांधाआड होत्या, त्या ओरडा ऐकून आल्या. तोवर मी पाळ चढून पलीकडे उतरले होते. शालिकला दवाखान्यात न्यायला मी गाडी आणायला चालले होते. खरंच, पाळ चढेपर्यंत माझ्या मनात गाडीच होती. पाळीच्या माथ्यावरून खाली पाहिलं तर अंगणवाडीसमोर सुपरवायझर बाईंची स्कूटी उभी. मग मी मागच्या दारानं आत गेले, चटईवर बसले आणि वजनाचं रजिस्टर पुढ्यात ओढलं.

"ताई, पाय कशानं भरले?" बाईंनी विचारलं.

"मागं हातपंपाजवळ चिखल आहे ना, मॅडम."

सुमनबाई खिचडी ढवळत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. समोर शालिकची चार वर्षांची लेक ताट घेऊन बसली होती. मी तिचं वजन वाचून दाखवलं. तिकडे तिच्या बापाला ट्रॅक्टरवर घालत होते. तो भंडाऱ्याला पोचलाच नाही. गाडी मी लवकर मिळवली असती तर तो वाचला असता का, हे मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं असतं तर मी तिथे होते हे कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी हवालदार अंगणवाडीत आले. "घटनेच्या टायमाले तुमी कुठं होत्या?" मी तोंड उघडायच्या आत सुमनबाई म्हणाल्या, "ताई इथंच होत्या. वजनं घेऊन राहिल्या होत्या. मॅडमचा शेरा पाहा ना रजिस्टरात." हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो."

तुरुंगात तुझ्या पहिल्या भेटीला आले तेव्हा सांगायचं ठरवून आले होते, यावर तू विश्वास ठेवशील का? मी जाळीशी तोंड नेलं आणि तूच आधी बोललास. खांदा सुजला होता, हात वर जात नव्हता.

"बाई, तू काई बोलू नको. तू तिथं नव्हतीच. बस."

"अरे, पण पाहिलं कोणी? मीच ना?"

"तुयी नोकरी गेली त मायले कोण पायन? माया खांद्याचा मार डाक्टरनं लिहून घेतला. मी त सुटतोच."

"आणि नाही सुटलास तर?"

"नाई कसा सुटन? मी काय त्याले मारायले गेलो होतो? तूच सांग."

तूच सांग, म्हणालास. आणि त्याच दमात सांगू नको म्हणालास. मी त्यातलं मला सोयीचं ते घेतलं. परत येताना बसमध्ये मला हलकं वाटलं, परसा. तुला आत ठेवून मला हलकं वाटलं.

कोर्टात तुझ्या वकिलांनी विचारलं, कोणी पाहणारं होतं का, तू सांगितलंस, कोणी नाही साहेब. शालिकच्या चुलत भावांनी शपथेवर सांगितलं की पहिला वार तुझा. त्यांनीही पाहिलं नव्हतं, पण ते निदान आपल्या माणसासाठी उभे तरी राहिले. निकाल वाचला तेव्हा मी मागच्या बाकावर होते. आरोपी म्हणतो की स्वतःच्या बचावासाठी मारलं, पण त्याच्या म्हणण्याला आधार देणारा एकही माणूस पुढे आला नाही. खांद्याची जखम दगडावर पडूनही होऊ शकते. अशा अर्थाचं काहीतरी होतं. जन्मठेप. तू मागे वळून पाहिलंस तेव्हा मी पदर नीट करत होते. नीट करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

अपील दाखल करताना मी वकीलसाहेबांना सहज विचारावं तसं विचारलं होतं, "आता नवा साक्षीदार कोणी सापडला तर?" ते म्हणाले, "अपिलात सहसा घेत नाहीत." त्यातला 'सहसा' मी टाकून दिला आणि उरलेल्या वाक्यावर पुढची वर्षं काढली.

कारणं माझ्याकडे नेहमी असायची. आधी माय. मायसाठी नोकरी हवी. माय गेली, तुला पॅरोल मिळाला तो राख भरायच्या दिवशी. तू आलास, मायच्या खाटेवर हात फिरवलास आणि म्हणालास, "बाईनं खूप केलं तियं." त्या दिवसापासून ते कारण संपलं. मग मी सुमनबाईंचं कारण काढलं, त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं, त्यांची नोकरी जाईल. गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. आम्ही त्यांना साडी दिली, मी भाषण केलं. भाषण करता करता लक्षात आलं की आता माझ्याकडे काही उरलं नाही. तरी मी गप्पच.

तू जामिनावर आलास त्यानंतरची चार वर्षं मला चांगली आठवतात, आणि त्यांच्याबद्दल मी तुझी आभारी आहे. शहापूरला हायवेवर पंक्चरच्या दुकानात तू लागलास. संध्याकाळी कागदात आलूबोंडे आणायचास आणि मी ओरडायचे की तेल पाहा किती आहे. "तुले द्यायच्या आधी वजन करून रजिस्टरात लिहू का?" तू म्हणायचास. महिन्यातून एकदा ठाण्यात हजेरीला जायचास ते इस्त्रीचा शर्ट घालून. मी चिडवायचे, लग्नाला चाललास का. "सासरीच त चाललो," म्हणायचास. गावात काही जण तुझ्याशी बोलत नव्हते, तू त्यांनाही रामराम करायचास. पण तलावाच्या पाण्याला तू पुन्हा हात लावला नाहीस. माझी बांधी तू पावसावर करायचास, तुडुमाकडे पाठ करून. यावरून आपलं किती वाजलं. मी म्हणायचे, सगळ्यांचं पीक उभं आहे, आपलं वाळतंय, लोक हसतात. तू म्हणायचास, "हसू दे." मी म्हणायचे, "तू मुद्दाम करून राहिला." ते भांडण कधी मिटलं नाही. मला वाटायचं, तू मला शिक्षा देतोस. तुला काही माहीतच नव्हतं, शिक्षा कशाची देशील?

एक गोष्ट तू तीनदा विचारलीस. पहिल्यांदा नागपूरच्या तुरुंगात, मुलाखतीच्या वेळी. दुसऱ्यांदा जामिनावर आलास त्या आठवड्यात. तिसऱ्यांदा जायच्या आठ दिवस आधी. मी अंगणात धान वाळत घालत होते. तू दारात बसून पायातला काटा काढत होतास.

"बाई, तवा भोंगा झाला होता ना?"

"झाला होता म्हणलं ना! कितीदा विचारशील? दुसरं काही काम नाही का तुले?"

"नाई, असंच." मग थोड्या वेळानं, काट्याकडे पाहत, "मंग ठीक आहे. पाणी आपलं होतं मंग."

एवढ्यावर तू जगत होतास. माणूस मेला, पण पाणी आपलं होतं. तो अंगावर आला, पण खोटा तो होता. मी तुला सांगितलं नाही ते तुझं मन राखायला, असं मी गेले चोवीस दिवस घोकून पाहिलं. बसत नाही. तुझं मन राखायचं असतं तर तुझ्यावर खेकसले नसते. मला पकडलं जायची भीती होती, माझ्याच भावाकडून.

नव्हता झाला, परसा. शालिक खरं बोलत होता. खोटी मी होते, आणि तू माझ्यासाठी पुढे पाऊल टाकलंस.

वकीलसाहेबांना हे सगळं मी मागच्या आठवड्यात सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "ताई, वीस मिनिटांचं कशाला सांगता? पाणी कोणाचं होतं हा प्रश्नच अपिलात नाही. पावडा आधी कोणी उचलला, एवढाच आहे. तुम्ही तेवढं सांगा. डहाळीचं काढून टाकू."

"ठेवलं तर?"

"सरकारी वकील म्हणतील, कुरापत तुमच्याकडून झाली. शिवाय बाई एकदा खोटं बोलली, आता कशावरून खरं बोलते?"

मी म्हटलं, उद्या सांगते. आणि गावात आले ती घरी न जाता शालिकच्या बायकोकडे, कुसुमकडे गेले. नऊ वर्षांत शालिकच्या घराचा उंबरा मी ओलांडला नव्हता. ती दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. शेजारी लेक, आता तेरा वर्षांची, पुस्तक घेऊन.

"या," कुसुम म्हणाली. "रस्ता चुकल्या का?"

मी लेकीला आत जायला सांगितलं. मी उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसले असते तर सांगितलं नसतं. तिचे हात चालूच होते. दोन विड्या बांधून झाल्या.

"किती मिनिटं म्हणता?"

"वीस."

"घड्याळ होतं हातात?"

"होतं."

"लोकं माया माणसाले पाणचोर म्हणते. नऊ वर्षं झाली. पोरगी शाळेत कोणाशी भांडली त पोरी म्हणते, पाणचोराची पोरगी. आन तुमी तिले रोज खिचडी वाढत होत्या."

"हो."

"हो काय म्हणता! हो म्हणू नका ना मले!" सूप तिनं बाजूला सारलं. पानं सांडली. थोड्या वेळानं स्वतःच गोळा करायला लागली. मी वाकले तसं म्हणाली, "राहू द्या. तुमी हात लावू नका."

मी म्हटलं, "कुसुम, दुसरंही आहे. पावडा आधी त्यानं मारला. दोनदा उचलला. तेही मी सांगणार आहे."

"ते मी मानत नाई."

"पाहिलं आहे मी."

"भोंगा पण ऐकला होता तुमी." तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "जा, सांगा कोर्टाले. पण वीस मिनिटाचं लिहा त्यात. ते नाई लिहिलं त माया दारात पुन्हा येऊ नका."

येते म्हणायची सोय नव्हती. मी निघाले.

इथे तुझं नि माझं भांडण होईल, मला माहीत आहे. तू म्हणशील, बाई, आता तरी डोकं चालव, वकील म्हणते ते आईक, माया नावावरचा डाग जाऊन राहिला त जाऊ दे. किंवा म्हणणारही नाहीस. तू तीनदा विचारलंस, याचा अर्थ तुलाही कुठेतरी शंका होती, आणि शंका असलेला माणूस खरं काय ते विचारतो. दोन्हींतलं कोणतं, ते मला आता कळणार नाही. तुझ्या वतीनं मी पुन्हा एकदा ठरवलं, तुला न विचारता. हे चुकलं असेल तर हेही माझ्याच नावावर राहू दे.

आज सकाळी जाताना वाटेत सुपरवायझर बाईंच्या ऑफिसात पत्र दिलं. त्या दुपारी मी हजर नव्हते, हजेरीची सही खोटी होती, एवढंच लिहिलं. सुमनबाईंना आधी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मायं नाव येईन का?" मी म्हटलं, विचारलं तर येईल. त्यांनी दार लावून घेतलं. त्यांचं चुकलं नाही.

नागपूरला वकीलसाहेबांच्या टेबलावर दोन कागद होते. अपील पुढे चालवू द्यावं म्हणून अर्ज, आणि माझं प्रतिज्ञापत्र. इंग्रजीत होते, त्यांनी ओळ ओळ मराठीत सांगितली. पहिल्या कागदावर तुझ्या नावापुढे 'मयत' लागलं आहे आणि खाली 'तर्फे बहीण'. प्रतिज्ञापत्रात पावडा आहे, सब्बल आहे, तू टाकलेलं पाऊल आहे, डहाळी आहे, वीस मिनिटं आहेत. कोर्ट ते घेईलच असं नाही, हे त्यांनी पुन्हा बजावलं. खोटं बयाण दिलं म्हणून माझ्यावरच काही निघू शकतं, हेही.

शेवटचा परिच्छेद त्यांनी कोरा ठेवला होता. इतकी वर्षं का सांगितलं नाही, त्याचं कारण तिथे द्यावं लागतं म्हणे.

"गावाचा दबाव होता, असं लिहू," ते म्हणाले. "जिवाची भीती होती. कोर्ट समजून घेतं."

"दबाव नव्हता."

"मग आजारी आईची जबाबदारी?"

"आई जाऊन सहा वर्षं झाली, साहेब."

"मग काय लिहू, ताई? काहीतरी तर लिहावं लागेल."

मी म्हटलं, "लिहा, नोकरी जाईल म्हणून. आणि नंतर लाज वाटली म्हणून."

"असं कोणी लिहीत नाही."

"लिहा."

त्यांनी लिहिलं. मला वाचून दाखवलं. इंग्रजीत ते वाक्य फार लहान होतं. मी सही केली, प्रत्येक पानावर एक, आणि कागद कोर्टात गेले. तारीख पडली की मी जाईन, परसा. एकटीच जाईन. जे विचारतील ते सांगेन.